आकाशातल्या वाटा आणि त्यांचे राखणदार

पावसाळा सरून आभाळ निवळले, की अंगणात उभे राहून कधी वर पाहा. खूप उंचावरून एखादे विमान पांढरी रेघ ओढीत जाताना दिसते. आजूबाजूला दुसरे काही नाही. ना ढग, ना पाखरू. मग मनात सहज येते, की एवढे अफाट आकाश मोकळे पडले असताना दोन विमानांची टक्कर व्हायची कशी? रस्त्यावर गर्दी असते, तिथे पोलीस हवा. रेल्वेला रूळ असतात, तिथे सिग्नल हवा. आकाशात हा बंदोबस्त कशाला? ज्याने त्याने आपापल्या वाटेने जावे!

शंका रास्त आहे. तिचे उत्तर मात्र दोन भागांत द्यावे लागते.

पहिली गोष्ट अशी, की आकाश अफाट असले तरी सगळ्यांना जायचे असते ठराविक ठिकाणी. आषाढीला पंढरपूरच्या वाटा चहूकडून येतात. दूर माळावर दिंडीला जागाच जागा असते. चेंगराचेंगरी होते ती महाद्वाराशी. विमानांचे महाद्वार म्हणजे धावपट्टी. मुंबईचेच पाहा. सांताक्रूझच्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदून जातात. त्यामुळे दोन्ही एका वेळी बिनधास्त वापरता येत नाहीत. बहुतेक सारा भार एकाच पट्टीवर पडतो. ८ डिसेंबर २०१८ या एका दिवसात तिथे १००७ विमाने चढली-उतरली. दिवसाची मिनिटे १४४०. म्हणजे दीड मिनिटाला एक विमान, तेही रात्रंदिवस! आता सांगा, आकाश अफाट असून उपयोग काय?

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. बैलगाडी थांबते, मोटार थांबते, आगगाडीसुद्धा सिग्नलापाशी तासभर उभी राहते. विमानाला थांबताच येत नाही. पंखांवरून वारा वेगाने वाहत राहिला तरच ते तरंगते; वेग गेला की आधार गेला. म्हणून आकाशातल्या पोलिसाला हात वर करून 'थांब' म्हणण्याची सोय नाही. चालत्या वाहनांनाच वळवायचे, हळू करायचे, वर चढवायचे, खाली उतरवायचे, आणि हे सारे आधीच ओळखून करायचे. याचेच नाव विमान वाहतूक नियंत्रण.

सुरुवातीला अर्थातच असले काही नव्हते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन एका छोट्या विमानातून अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले. त्यांना वाटेत दुसऱ्या विमानाची भीती बाळगण्याचे कारणच नव्हते. तिकडे इंग्लंडात लंडनजवळ क्रॉयडन इथे १९२० च्या सुमारास नियंत्रणासाठी पहिला मनोरा उभा राहिला होता. अमेरिकेत सेंट लुईस इथे १९२९ साली आर्ची लीग नावाचे गृहस्थ हातगाडीवर खुर्ची, छत्री आणि दोन निशाणे घेऊन मैदानात बसत. एक निशाण म्हणजे या, दुसरे म्हणजे थांबा. आजच्या सगळ्या यंत्रणेचे मूळ त्या दोन निशाणांत आहे.

आपल्याकडे ही गरज कशी वाढली ते नागपूरच्या उदाहरणाने चांगले कळते. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून चार विमाने रात्री निघत, मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परत फिरत. काळोखी रात्र, चार दिशा आणि उतरायचे ठिकाण एकच! कोणी आधी उतरायचे, कोणी किती उंचीवर वाट पाहायची, हे खालच्या एका माणसाने ठरवल्यावाचून गत्यंतर नव्हते.

तर आता आपणही एका विमानाबरोबर प्रवास करू. मुंबईहून नागपूर, अंतर सुमारे ७०० किलोमीटर. प्रवासी आत बसले, दारे लागली. वैमानिक आपल्या मर्जीने चाक हलवील का? नाही. आधी तो बिनतारी यंत्रावर परवानगी मागतो. विमान कोणत्या वाटेने, किती उंचीवरून जाणार, याचा आराखडा आधीच कचेरीत दाखल झालेला असतो. तो मंजूर झाला की जमिनीवरचा नियंत्रक त्याला कोणत्या रस्त्याने धावपट्टीपर्यंत जायचे ते सांगतो. धावपट्टीच्या तोंडाशी आले की दुसरा नियंत्रक, मनोऱ्यातला. मुंबईचा मनोरा सुमारे ८४ मीटर उंच आहे. तिथून धावपट्टी डोळ्यांनी दिसते, आणि ती मोकळी आहे याची खात्री करूनच 'उड्डाण करा' हा शब्द सुटतो.

विमान उडाले की तो तिसऱ्या नियंत्रकाच्या ताब्यात जाते. हा काही मनोऱ्यात नसतो. बंद खोलीत रडारच्या पडद्यापुढे बसलेला असतो. मुंबईभोवतालच्या आकाशातली चढणारी आणि उतरणारी विमाने तो वेगवेगळी ठेवतो. पुढे विमान उंच गेले, की चौथा नियंत्रक. त्याच्याकडे लांबच्या प्रवासातला मोठा प्रदेश असतो. नागपूर जवळ आले की हीच साखळी उलट सुरू होते. प्रत्येक बदलाच्या वेळी मागचा पुढच्याला कळवतो आणि पुढच्याने होकार दिल्यावरच वैमानिकाला नवा नभोवाणीचा आकडा लावायला सांगतो. पालखीचा खांदा बदलताना पाहिलेत ना? नव्या भोयाचा खांदा दांड्याखाली येईपर्यंत जुना आपला खांदा काढीत नाही. अगदी तसेच. एक क्षणभरही विमान बेवारशी राहता कामा नये.

पुणे आणि गोव्याच्या दाबोळी विमानतळाची गोष्ट थोडी निराळी. पुण्याचा लोहगाव तळ मूळचा हवाई दलाचा आणि दाबोळीचा नौदलाचा. तिथे प्रवासी विमानांनाही लष्करी नियंत्रकच वाट दाखवतात. बाकी बहुतेक ठिकाणी हे काम भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आहे. ही संस्था १९९५ साली स्थापन झाली.

आता उंचीचा प्रश्न. विमाने वेगळी ठेवण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्यांना वेगवेगळ्या मजल्यांवर ठेवणे. आपल्याकडे साधारण नियम असा, की पूर्वेच्या बाजूला जाणाऱ्यांनी विषम हजारांच्या उंचीवर जावे, पश्चिमेच्या बाजूला जाणाऱ्यांनी सम. म्हणजे आपले नागपूरचे विमान ३३,००० फुटांवर जात असेल, तर समोरून मुंबईकडे येणारे ३२,००० किंवा ३४,००० वर. दोन मजल्यांत अंतर एक हजार फूट, म्हणजे सुमारे तीनशे मीटर. पूर्वी २९,००० फुटांच्या वर हे अंतर दोन हजार फूट ठेवावे लागे, कारण एवढ्या उंचीवर मापनयंत्रांचा भरवसा कमी होता. यंत्रे सुधारली तेव्हा आपल्या आकाशात २००३ साली तिथेही एक हजार फूट पुरेसे धरण्यात आले. त्यामुळे मजल्यांची संख्या वाढली.

पण थांबा. वैमानिकाला आपली उंची कळते कशी? वर गेले की हवेचा दाब कमी होतो; उंचीमापक तो दाब मोजून फूट दाखवतो. अडचण अशी, की जमिनीवरचा दाब रोज बदलतो. पावसाळ्यात मुंबईचा दाब हजार मिलिबारच्या आसपास उतरतो, थंडीत चढतो. दाबात तेरा मिलिबारांचा फरक पडला तर उंचीमापकात साडेतीनशे-चारशे फुटांची तफावत पडते. मग एक विमान मुंबईचा दाब लावून निघाले, दुसरे नागपूरचा लावून आले, तर त्यांचे हजार फूट खरोखर हजार राहतील का?

यावर काढलेली तोड मोठी मजेदार आहे. ठराविक उंचीच्या वर गेल्यावर साऱ्या जगातली विमाने आपापल्या उंचीमापकावर एकच आकडा लावतात, १०१३.२ मिलिबार. खालचा खरा दाब काहीही असो. त्यामुळे प्रत्येकाचा आकडा थोडा चुकतो, हे कबूल. पण सगळे सारखेच चुकतात, आणि टक्कर टाळायला तेवढे पुरते! उतरताना मात्र जमिनीशी गाठ असते. तिथे चूक चालत नाही. म्हणून खाली येताना त्या गावचा खरा दाब नियंत्रक सांगतो आणि वैमानिक तो लावून घेतो.

एकाच मजल्यावर मागे-पुढे जाणाऱ्यांचे काय? तिथे आडवे अंतर ठेवावे लागते. रडार असेल तिथे लांबच्या प्रवासात साधारण पाच सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर. विमानतळाजवळ वेग कमी असतो म्हणून तीन मैल. तुम्ही म्हणाल, नऊ किलोमीटर म्हणजे पुष्कळ झाले. जरा हिशेब करा. ताशी ८५० किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर आली, तर हे अंतर वीस सेकंदांत संपते. वीस सेकंदांत आपली चहाची कपबशीसुद्धा उचलून होत नाही.

शिवाय मोठ्या विमानाच्या पंखांच्या टोकांमागे हवेचे भोवरे तयार होतात. बोटीमागे पाणी घुसळलेले असते ना, तसे. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण मागून येणाऱ्या लहान विमानाला पालथे करण्याइतकी ताकद त्यांत असते. म्हणून जड विमानामागून हलके सोडायचे झाल्यास नियंत्रक दोन-तीन मिनिटे जाऊ देतो. धावपट्टीवर खोळंबून बसलेल्या प्रवाशाला वाटते, पट्टी तर मोकळी दिसते, मग हा का थांबला? तो त्या न दिसणाऱ्या भोवऱ्यांसाठी थांबलेला असतो.

समुद्रावर फार दूर रडार पोचत नाही. मुंबईच्या नियंत्रणाखाली अरबी समुद्राचा मोठा पट्टा येतो. तिथे जुनी रीत अजून उपयोगी पडते, घड्याळाची. एकेरी रेल्वेमार्गावर स्टेशनमास्तरने गोळा दिल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात जात नाही, तशी इथे वैमानिकाने 'मी अमुक ठिकाणी, अमुक वेळी, अमुक उंचीवर' असे कळवायचे आणि नियंत्रकाने मागच्या विमानाला ठराविक मिनिटांचे अंतर राखून सोडायचे. आता उपग्रहांच्या साहाय्याने विमान आपला ठावठिकाणा आपण होऊन कळवू शकते. त्यामुळे हे काम पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

ही सारी व्यवस्था चालते ती शेवटी बोलण्यावर. ज्या नभोवाणीने गाणी आणि बातम्या तुमच्या घरी येतात, तिचीच ही धाकटी बहीण. फरक एवढाच, की इथे एकेक शब्द तोलून वापरावा लागतो. आकडे वेगळे म्हणायचे: इंग्रजी नऊला 'नाइनर', म्हणजे खरखरीत तो पाचसारखा ऐकू येऊ नये. अक्षरांना नावे दिलेली: अल्फा, ब्राव्हो, चार्ली. ही यादी १९५६ पासून साऱ्या जगात एकच आहे. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे ऐकलेले परत म्हणून दाखवायचे. आई मुलाला वाण्याकडे धाडताना 'काय आणायचं ते सांग बघू' म्हणून वदवून घेते, तसे. नियंत्रकाने 'चौदा हजार' म्हटले तर वैमानिकाने 'चौदा हजार' असे उच्चारून दाखवायचे, आणि नियंत्रकाने ते कान देऊन ऐकायचे. नुसते 'बरं' म्हणून भागत नाही.

हे नियम कोणी हौसेने केलेले नाहीत. त्यांच्यामागे माणसे गेली आहेत. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुके होते. एका जंबो विमानाच्या वैमानिकाने बिनतारीवर जे वाक्य उच्चारले, त्यावरून ते उड्डाणाला तयार आहे की निघालेच आहे, हे मनोऱ्याला नीट कळले नाही. मनोऱ्याने 'थांबा' सांगितले त्याच क्षणी दुसरे जंबो 'आम्ही अजून धावपट्टीवर आहोत' असे सांगत होते. दोन आवाज एकावर एक पडले आणि शिट्टीसारखा कर्कश सूर तेवढा ऐकू आला. तुम्ही रेडिओची खुंटी फिरवताना दोन केंद्रे एकमेकांवर आली की तसला सूर ऐकला असेल. त्या सुराखाली शब्द बुडाले. ५८३ माणसे गेली. तेव्हापासून 'उड्डाण' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच उच्चारायचा, एरवी त्याच्याऐवजी 'प्रस्थान' म्हणायचे, असा दंडक पडला.

आपल्या देशातली घटना याहून जवळची. १२ नोव्हेंबर १९९६, संध्याकाळची वेळ. दिल्लीहून सौदी अरेबियाचे जंबो विमान निघाले होते. कझाकस्तानचे एक विमान दिल्लीला उतरायला येत होते. त्या काळी दिल्लीला येणारी आणि जाणारी प्रवासी विमाने एकाच मार्गिकेतून सोडली जात. नियंत्रकाने चढणाऱ्याला १४,००० फुटांवर थांबवले, उतरणाऱ्याला १५,००० वर. कझाक विमानाला समोरून येणाऱ्याची सूचनाही दिली. मधे हजार फूट होते; नियमाप्रमाणे ते पुरेसे होते. पण कझाक विमान आपली उंची सोडून खाली आले. त्याची उंची दाखवील असे रडार नियंत्रकापाशी नव्हते. पडद्यावर नुसते ठिपके होते, आणि उंचीसाठी वैमानिकाच्या शब्दावर भिस्त. हरियाणातल्या चरखी दादरीच्या शेतांवर दोन्ही विमाने कोसळली. एकात ३१२ माणसे होती, दुसऱ्यात ३७. ३४९ पैकी कोणीही वाचले नाही.

या घटनेने आपल्याकडे पुष्कळ बदल घडवले. येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या. दुय्यम रडार आले. साधे रडार लहरी सोडते आणि विमानावर आपटून आलेला प्रतिध्वनी दाखवते. दुय्यम रडार विमानाला जणू हाक मारून विचारते, 'तू कोण, किती उंचीवर?' आणि विमानातले यंत्र आपला चार आकडी क्रमांक आणि उंची कळवते. त्या चार आकड्यांतही संकेत आहेत. ७७०० म्हणजे संकट, ७६०० म्हणजे बिनतारी बंद पडली, ७५०० म्हणजे विमान पळवले जात आहे. तोंडाने बोलता आले नाही तरी खालच्याला कळते.

तिसरा बदल म्हणजे विमानातच बसवलेले टक्कर टाळणारे यंत्र. भारतात येणाऱ्या विमानांना ते सक्तीचे झाले. दोन विमानांतली ही यंत्रे आपसांत बोलतात आणि धोका दिसला की एकाच्या वैमानिकाला 'वर चढा' सांगतात, दुसऱ्याच्या वैमानिकाला 'खाली उतरा'.

इथे एक कूट प्रश्न उभा राहतो. यंत्र 'चढा' म्हणते आणि नियंत्रक 'उतरा' म्हणतो, तर वैमानिकाने कोणाचे ऐकावे? हा प्रश्न १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीच्या दक्षिण सीमेवर उबरलिंगेन गावावर खरोखर उद्भवला. खाली झुरिचला एकच नियंत्रक दोन पडद्यांवर काम करीत होता. सहकारी विश्रांतीला गेला होता, टेलिफोनची दुरुस्ती चालू होती. त्याला धोका उशिरा दिसला. त्याने एका विमानाला 'उतरा' सांगितले, त्याच वेळी त्या विमानातले यंत्र 'चढा' म्हणत होते. वैमानिकाने माणसाचे ऐकले. दुसऱ्याने यंत्राचे ऐकून उतरायला सुरुवात केली होती. दोघेही उतरत गेले. ७१ जीव गेले, त्यांत बहुतेक शाळकरी मुले.

त्यानंतर जगभर नियम स्पष्ट झाला: अशा वेळी यंत्राचे ऐकायचे आणि नियंत्रकाला तसे कळवायचे, नियंत्रकाने त्यात ढवळाढवळ करायची नाही. पण यातला दुसरा धडा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या रात्री एकटा माणूस दोघांचे काम करीत होता. कितीही यंत्रे आणा, पडद्यापुढचा माणूस थकलेला आणि एकटा असेल तर साखळी तिथेच तुटते. म्हणून नियंत्रकाला तासन्‌तास सलग बसवायचे नाही, ठराविक वेळाने उठवून विसावा द्यायचा, त्याच्या जोडीला दुसरे डोळे ठेवायचे, ही काळजी यंत्राइतकीच मोलाची आहे. तिथे काटकसर करणे म्हणजे विहिरीचा कठडा काढून दगड वाचवण्यासारखे आहे.

हे सगळे ऐकून कोणी घाबरेल, तर त्याची गरज नाही. ज्या दुर्घटना सांगितल्या त्या लक्षात राहिल्या, कारण त्या विरळ आहेत; आणि प्रत्येकीनंतर नियम बदलला, म्हणूनच त्या विरळ राहिल्या आहेत. आज वैमानिक परत म्हणून दाखवतो ते प्रत्येक वाक्य, दीड मिनिटाच्या हिशेबात मोकळी ठेवलेली प्रत्येक फट, ही कोणाच्या तरी जिवाची किंमत देऊन शिकलेली गोष्ट आहे.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी तुमचे विमान मुंबईवर आले आणि उतरायचे सोडून घिरट्या घालू लागले, तर चिडू नका. तुमच्या खाली हजार फुटांवर दुसरे विमान अशाच फेऱ्या मारीत असेल, त्याच्याखाली तिसरे. जिन्यावरच्या माणसांसारखी ती एकेक पायरी खाली येत आहेत. एका बंद खोलीत कोणीतरी कान टवकारून बसला आहे, किंवा बसली आहे. या कामात आता स्त्रियाही पुष्कळ आहेत. ती व्यक्ती तुम्हाला कधी दिसणार नाही, तिचा आवाजही तुमच्या कानी पडणार नाही. घरी दाराशी वाट पाहणाऱ्याला फक्त एवढेच कळेल, की विमान दहा मिनिटे उशिरा आले. त्या दहा मिनिटांचा हिशेब आता तुम्हाला ठाऊक आहे. घरी गेल्यावर तो त्यांनाही सांगा.